एक कान तुझा, एक माझा

कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा लोकलच्या गर्दीत हे दृश्य रोजचंच. इअरफोन एक, मैत्रिणी दोन. एक बड हिच्या कानात, दुसरा तिच्या. क्यूट वगैरे ठीक आहे, पण खरं सांगू? त्या दोघींपैकी कुणालाच गाणं पूर्ण ऐकू येत नसतं. स्टिरिओ गाण्यात डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा आवाज दिलेला असतो. म्हणजे एकीच्या वाट्याला गिटार, तर दुसरीच्या वाट्याला शेकर!

रोज चार-चार तास गाणी ऐकणाऱ्या मला हे कळलं ते माझ्या आजीच्या पिढीतल्या एका रेकॉर्डमुळे. चोर बाजारात जुन्या हिंदी सिनेमांच्या एलपी शोधत होते. भाव ऐकून गप्प बसले. तेव्हा दुकानदाराने कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक काढून दिली. म्हणाला, ‘ये ले जाओ, इसे कोई नहीं पूछता.’ पांढऱ्या कव्हरवर काळे ठिपके, नाव ‘पर्स्वेसिव्ह पर्कशन’. मित्राच्या घरी, त्याच्या बाबांच्या जुन्या सिस्टिमवर लावली आणि बोंगो चक्क खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उडी मारू लागला. आम्ही दोघं टेनिसची मॅच बघावी तशी मान फिरवत बसलो.

ही ‘डेमॉन्स्ट्रेशन रेकॉर्ड’, म्हणजे मशीन काय करू शकतं ते दाखवण्यासाठी काढलेली तबकडी. स्टिरिओची कल्पना तशी जुनी. ॲलन ब्लमलीन या इंग्लिश इंजिनीअरने तिच्या पेटंटसाठी 1931 मध्येच अर्ज केला होता. एकाच खाचेच्या दोन भिंती, एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा आणि दोन्ही वाचणारी सुई एकच. पण हे बाजारात यायला पाव शतक लागलं. 1957 च्या अखेरीस अमेरिकेत सिडनी फ्रे यांच्या ‘ऑडिओ फिडेलिटी’ने स्टिरिओची नमुना तबकडी काढली, तीही आधी या धंद्यातल्या लोकांना ऐकवायला. एका बाजूला जॅझ, दुसऱ्या बाजूला चक्क आगगाड्यांचे आवाज!

घरात एक स्पीकर सुखाने वाजत असताना लोकांनी दुसरा का घ्यावा? हे पटवायचं काम या तबकड्यांचं. इनॉक लाइट या बँडलीडरची ‘पर्स्वेसिव्ह पर्कशन’ 1959 मध्ये आली आणि तुफान खपली. तिच्या कव्हरवरचे ठिपके जोसेफ अल्बर्स या मोठ्या चित्रकाराचे. कोणत्या गाण्यात काय ऐकायचं, याची लांबलचक टिपणं कव्हरच्या आत छापलेली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ही जाहिरातच झाली की! जाहिराती कशाला जमवायच्या? मुद्दा बरोबर आहे. त्या काळीही अनेकांनी या प्रकाराला ‘पिंगपाँग स्टिरिओ’ म्हणून नाकं मुरडली होती. संगीत म्हणून यातल्या बऱ्याच रेकॉर्ड सामान्यच आहेत, हे मीही मान्य करते. पण माझ्या मते त्या जमवाव्यात त्या नेमक्या याच कारणासाठी. मशीन विकण्यासाठी का होईना, त्या माणसाला एका जागी बसवायच्या. दोन स्पीकरच्या मधोमध बस, हलू नकोस, आता डावीकडे लक्ष दे. आज आपलं ॲप याच्या नेमकं उलट सांगतं. अभ्यास कर, जिम कर, झोप, गाणं मागे चालू राहील. आवाज तेव्हापेक्षा किती तरी स्वस्त आणि स्वच्छ झाला, पण ऐकणं मात्र आपण बॅकग्राउंडला टाकलं.

शिवाय या तबकड्यांमध्ये एक काळ साठलेला आहे. एमरी कुक नावाचा ध्वनिवेडा इंजिनीअर रात्री-अपरात्री रुळांशेजारी माइक लावून बसायचा. त्याने टिपलेल्या आगगाड्या ऐकायला 1951 च्या न्यूयॉर्क ऑडिओ फेअरमध्ये लोकांनी गर्दी केली होती. ती वाफेची इंजिनं रुळांवरून कधीच गेली. त्यांची धडधड मात्र अशा तबकड्यांवर उरली आहे.

फक्त एक विनंती. रेकॉर्ड भिंतीवर टांगून रील बनवण्यासाठी हा छंद लावून घेऊ नका. सीलबंद ठेवून भाव वाढायची वाट बघणं म्हणजे तर साठेबाजीच. घेतली तर वाजवा. घेण्याआधी उजेडात तिरकी धरून चरे बघा. फार जुन्या मोनो प्लेअरवर स्टिरिओ रेकॉर्ड लावू नका, त्याची ताठ सुई खाच खरवडते. प्लेअर नसेल तर ज्याच्या घरी आहे त्याच्याशी मैत्री करा, स्वस्त पडतं!

आणि तेही जमत नसेल तर आज रात्री एवढंच करा. तुमचं आवडतं गाणं लावा, दोन्ही बड स्वतःच्या कानात घाला आणि फोन उलटा ठेवा. कोणतं वाद्य कुठे बसलंय, ते शोधा. शंभरदा ऐकलेल्या त्या गाण्यात कुणीतरी इतके दिवस उजव्या कोपऱ्यात वाजवत बसलेलं सापडेल.

मग उद्या मैत्रिणीला एक बड नका देऊ. दोन्ही द्या. तिचं होईपर्यंत तीन मिनिटं थांबा.