बाख आणि टँगो एकाच बैठकींत

हें शीर्षक वाचून आमच्या कित्येक वाचकांना नवल वाटेल. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) हा प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजविणारा गंभीर वृत्तीचा पुरुष. आणि टँगो म्हणजे ब्वेनोस आयरिस शहराच्या गरीब वस्त्यांत व दारूच्या गुत्त्यांत वाढलेला नाच. असें असतां बासरी व गिटार घेऊन दोनच वादक बसतात आणि बाखची रचना संपतांच टँगो छेडतात, याला संगीताची विटंबना म्हणणारे लोक आहेत. त्यांत सुविद्य पालकही आहेत. आम्हांस त्यांचें म्हणणें मान्य नाहीं.

बाखच्या नृत्यमालिकांत 'साराबांद' नांवाचा एक संथ, धीरगंभीर भाग असतो. त्या साराबांदचें कुळ शोधूं गेल्यास काय आढळतें? तीही मूळची अमेरिकेंतील स्पॅनिश वसाहतींतली समजतात, आणि स्पेनमध्यें ती इतकी अश्लील ठरली कीं १५८३ सालीं तिच्यावर बंदी आली. पुढें दीड शतकाच्या आंतच ती बाखच्या हातीं शालीन झाली. टँगोचीही हीच गत. १९१३ सालीं जर्मन बादशहानें आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना गणवेशांत टँगो नाचण्याची मनाई केली. २००९ सालीं युनेस्कोनें त्याच टँगोला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. (आमच्या पेटीला तरी काय कमी सोसावें लागलें? १९४० पासून सुमारें तीस वर्षें आकाशवाणीनें तिला दाराबाहेर ठेविलें होतें, आणि इकडे नाट्यसंगीत तिच्याच सुरांवर चाललें होतें.)

ही जोड ज्यानें खरी करून दाखविली तो आस्तोर पियाझोला (१९२१–१९९२). त्याचें बालपण न्यूयॉर्कमध्यें गेलें. वडिलांनीं त्याला बँडोनिऑन हें पेटीच्याच जातीचें भात्याचें वाद्य घेऊन दिलें, आणि शेजारच्या एका हंगेरियन पियानोवादकानें बाखची गोडी लाविली. १९५४ सालीं तो पॅरिसला नादिया बुलांजे या विदुषीकडे शिकावयास गेला. टँगो वाजवितों हें सांगावयाची त्याला लाज वाटे! बाईंना त्याच्या भारदस्त रचनांत इतरांचींच पाउलें दिसलीं. टँगो ऐकल्यावर मात्र खरा पियाझोला हाच, हा सोडूं नको, असें त्यांनीं बजाविलें. त्याच बाईंनीं त्याजकडून अनेक स्वरपंक्ती एकत्र गुंफण्याचा कठोर अभ्यासही करवून घेतला. १९६८ सालच्या त्याच्या संगीतिकेंत टँगोच्या ठेक्यावर बाखच्या पद्धतीची अस्सल फ्यूग आली, ती या अभ्यासाविना येती ना.

म्हणून आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्याच प्रकाराला. बाखची एखादी ओळ उचलून तिच्याखालीं टँगोचा ठेका ठोकून देणें सोपें आहे, आणि तसें करणारे पुष्कळ आहेत. त्यांना दोन्ही घरचें पुरतें ठाऊक नसतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास असा मेळ घालण्याची हौस असेल, तर पालकांनीं त्याला रागें भरूं नये. रोजचा रियाज मात्र दोन्हींचा घ्यावा.

बासरी व गिटार यांसाठीं पियाझोलानें टँगोचा इतिहास चार भागांत रचिला आहे. त्यांतील 'काफे १९३०' हा दुसरा भाग पालकांनीं मुलांसह अवश्य ऐकावा. तो नाचण्याचा नव्हे, बसून ऐकण्याचा टँगो आहे. प्रारंभीं गिटार एकटीच बोलत असते. बासरी मागाहून येते.