हडपसरची लढाई, वऱ्हाडचा निकाल

दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब अडाण नदीकाठी आहे, पुण्याजवळच्या हडपसरपासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या गावासकट वर्धा नदीच्या पश्चिमेचं सारं वऱ्हाड कोणाच्या ताब्यात जाणार, हे ठरवणाऱ्या घडामोडींना तोंड फुटलं ते हडपसरच्या माळावर. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी तिथे शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. मराठ्यांनी मराठ्यांना हरवलं आणि चौदा महिन्यांच्या आत वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं.

यशवंतरावांबद्दल दोन तट आजही कायम आहेत. एकाच्या लेखी ते पुणे लुटणारे बंडखोर, दुसऱ्याच्या लेखी इंग्रजांना एकट्याने नडलेले वीर. दोन्ही तट १८०३ सालाबद्दल मात्र गप्प असतात आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

यशवंतरावांचा राग समजण्यासारखा होता. १७९७ मध्ये भाऊ मल्हारराव यांना पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या सैन्याने मारलं. जीव वाचवून यशवंतराव नागपूरला रघुजी भोसल्यांकडे गेले, तर तिथे आसऱ्याऐवजी कैद मिळाली. १७९८ मध्ये ते निसटले. एप्रिल १८०१ मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी दुसऱ्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी होळकरांनी उज्जैन लुटलं आणि शिंद्यांच्या माणसांनी इंदूर. या दोन शहरांच्या रयतेने कोणाचं घोडं मारलं होतं? अमेरिकेच्या यादवीत जनरल शर्मनने १८६४ मध्ये अटलांटा जाळलं, त्यावरून तिथे अजून वाद घालतात. उज्जैन-इंदूरचा हिशेब आपण मागतही नाही.

हडपसरच्या लढाईचं समर्थन तरी करता येतं. त्यानंतर वसईला पळून ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांची तैनाती फौज पत्करणं हे बाजीरावांचं पाप. ते होळकरांच्या माथी मारू नये.

पण १८०३ च्या पावसाळ्यात दौलतराव आणि रघुजी इंग्रजांविरुद्ध एकत्र आले, होळकरांना बोलावणी गेली आणि ते आले नाहीत. मल्हाररावांना मारणाऱ्यावर आणि आपल्याला कैदेत टाकणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्यांची अडचण खरी होती. त्यांचा अविश्वास रास्त होता, निर्णय चुकीचा होता. मराठ्यांचा सगळ्यात चपळ घोडदळ-सेनापती बाजूला बसला आणि इंग्रज सेनापती वेलस्लीला शत्रू निम्माच उरला.

२३ सप्टेंबरला असईच्या लढाईत वेलस्ली जिंकला. २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावला भोसल्यांची फौज मोडली. मग पाळी भोसल्यांच्या गाविलगडाची. इंग्रजांनी अवजड तोफा मेळघाटच्या डोंगरातून, वाट काढत काढत, उत्तरेच्या बाजूला ओढत नेल्या आणि तिथून तटाला खिंडार पाडलं. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्यात वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाला मिळालं. पुढे १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी ते कंपनीच्या ताब्यात दिलं आणि १९०२ मध्ये सालाना २५ लाखांच्या खंडावर ते कायमचं इंग्रजांकडे राहिलं. आज या राजाला, उद्या त्याला असा बोरीसारख्या गावांचा शेतसारा फिरत राहिला. गावकऱ्यांना कोणी विचारलं नाही.

१८०४ मध्ये यशवंतराव इंग्रजांवर उठले. इंग्रज अधिकारी मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडवली, भरतपूरच्या जाटांसह झुंज दिली. त्या वेळी शिंदे आणि भोसले तहाने बांधले गेले होते. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटला यशवंतरावांनाही तह करावा लागला. १८०४ चा पराक्रम खराच, पण तो एक वर्ष उशिरा झाला. त्या उशिराची जबाबदारी यशवंतरावांची आहे आणि त्यांना तिथवर ढकलण्याची जबाबदारी दौलतराव, रघुजी आणि बाजीराव यांची. जयंतीच्या भाषणांत यातलं निम्मंच सांगणं हा चौघांवरही अन्याय आहे.

यवतमाळ-अमरावतीच्या शाळांच्या सहली चिखलदऱ्याला जातात, पोरं गाविलगडाच्या तटावर फोटो काढतात. गुरुजींनी आणि बाईंनी तिथे उभं राहून हडपसरचीही गोष्ट सांगावी, आणि १८०३ मध्ये होळकर का आले नाहीत हा प्रश्न पोरांनाच विचारावा.