औषध नेमके कोणाच्या हाती?

वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सांगितले. पूर्वी हे चौघे बहुधा एकाच गावात असत. वैद्याने पुडी बांधून रोग्याच्या हातात ठेवली की व्यवहार पुरा होई. आज एकदा तपासून गेलेला रुग्ण पुढील महिन्याचे औषध दूरध्वनीवरून मागवितो, पैसे यूपीआयने पाठवितो आणि औषध कुरिअरने जाते. अनेक औषधविक्रेत्यांनी स्वतःची संकेतस्थळेही उघडली आहेत. यात गैर काहीच नाही. मात्र वैद्य आणि रोगी यांना जोडणारा दुवा आता पार्सलवरील चार ओळींचा पत्ता हा आहे. त्या पत्त्याच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीकडे आमच्या व्यवसायबंधूंनी पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्याधीप्रमाणे या फसवणुकीचीही संप्राप्ती समजून घेतली पाहिजे. तिचा सर्वांत घातक प्रकार असा. एखादा अपरिचित ग्राहक सुवर्णवसंतमालती, बृहत् वातचिंतामणी, केशर यांसारख्या किमती द्रव्यांची मोठी मागणी नोंदवितो. असा माल मुठीत मावतो आणि सहज विकला जातो. पैसे तत्काळ जमा होतात, पत्ताही व्यवस्थित असतो. पार्सल निघाल्यावर दूरध्वनी येतो : "आम्ही अचानक परगावी आलो आहोत, तेवढे पार्सल या नव्या पत्त्यावर वळवा." विक्रेता सौजन्याने होकार देतो. काही दिवसांनी कळते की पैसे चोरलेल्या कार्डावरून किंवा कोणा लुबाडलेल्या माणसाच्या खात्यातून आले होते. कार्डाचा खरा धनी तक्रार करतो आणि बँक ती रक्कम विक्रेत्याकडून परत घेते. रक्कम खात्यातून आली असेल, तर तपासादरम्यान विक्रेत्याचे खातेही गोठविले जाऊ शकते. अशा वेळी माल मूळ मागणीतील पत्त्यावर पोचल्याचा पुरावा दाखविता येत नाही. पेपॅलसारख्या परदेशी सेवेचे विक्रेत्याला मिळणारे संरक्षणही व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावर माल पाठविला असेल तरच लागू होते. म्हणजे ज्या सौजन्यापोटी आपण पत्ता बदलला, तेच आपल्या विरुद्ध जाते.

दुसऱ्या प्रकारात पत्ता मुद्दाम अपुरा दिला जातो. कुरिअरचा माणूस घर न सापडल्याने दूरध्वनी करतो, पार्सल चौकात कोणीतरी घेतो आणि नंतर "औषध मिळालेच नाही" अशी तक्रार येते. तिसरा प्रकार पोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीतला. खोट्या पत्त्यावर माल मागविला जातो, तो परत येतो आणि दोन्ही वेळचे वाहतूक शुल्क विक्रेत्याच्या माथी बसते. कधी पार्सल परत येते ते आतील माल बदलूनच.

कापडाच्या दुकानदाराचे अशा प्रसंगी पैसे बुडतात. आपले तेवढ्यावर भागत नाही. वत्सनाभ, पारद, हिंगूळ यांसारखी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये ज्या औषधांत आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. असे औषध भलत्याच्या हाती पडले तर देखरेख कोणाची? आणि फिरून आलेली बाटली पुन्हा फळीवर ठेवून दुसऱ्या रुग्णाला दिली तर तिच्यात काय आहे याची हमी कोणता वैद्य देऊ शकेल? सील शाबूत दिसणे हा पुरावा नव्हे. परत आलेले औषध वेगळे ठेवावे, त्याची नोंद करावी आणि ते कोणत्याही कारणास्तव दुसऱ्या रुग्णाला देऊ नये, हा नियम आपल्यापैकी प्रत्येकाने आजपासून पाळला पाहिजे. यात काही नुकसान होईल हे आम्ही जाणतो. परंतु त्या नुकसानीची तुलना रुग्णाच्या जिवाशी करता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. पहिला व प्रमुख नियम असा की, पैसे जमा झाल्यावर पत्ता बदलावयाचा नाही. ग्राहकाची अडचण खरी असेल तर मूळ मागणी रद्द करावी, पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करावेत आणि नव्या पत्त्यासह नवी मागणी घ्यावी. "जास्त आलेले पैसे दुसऱ्याच खात्यात पाठवा" अशी विनंती आल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. आपल्या लेखी संमतीखेरीज पार्सल वळवू नये, असे कुरिअर संस्थेलाही आधी कळवून ठेवावे.

दुसरे, पत्ता आणि पिनकोड यांचा मेळ घालून पाहावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या टपाल अधिकाऱ्यांची देणगी आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथील पिनकोड ४ या अंकाने सुरू होतात, पुणे शहराचे ४११ ने. पत्ता पुण्याचा आणि पिनकोडाचा पहिला अंक १ असेल, तर पार्सल बांधण्यापूर्वी एक दूरध्वनी करण्यास पाच मिनिटे पुरतात.

तिसरे, पोचपावतीत कसूर करू नये. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अल्प शुल्कात ओटीपी घेऊनच वस्तू देण्याची सोय केली. किमती औषधांसाठी ती अवश्य घ्यावी. पार्सल बांधतानाचे छायाचित्र, वजन आणि पावती किमान काही महिने जपून ठेवावी. अपरिचिताकडून पहिल्याच वेळी मोठी मागणी आल्यास, विशेषतः पोचल्यावर पैसे देण्याची अट असल्यास, काही रक्कम आगाऊ घ्यावी. अनुसूची ई (१) मधील औषध तर चिकित्सापत्र पाहिल्याखेरीज पाठवूच नये.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आपले कितीतरी रुग्ण खेड्यापाड्यांत राहतात. "मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या वाड्याजवळ" हाच त्यांचा खरा पत्ता असतो. मुलाकडे राहावयास गेलेल्या वृद्धेचा पत्ता दर चार महिन्यांनी बदलतो. अशांना संशयाने वागविणे वैद्यधर्माला शोभणारे नाही. म्हणूनच आम्ही सुचवितो की, पत्ता संदिग्ध वाटल्यास मागणीसोबत आलेल्या क्रमांकावर विसंबू नये. आपल्या रुग्णपत्रिकेत पूर्वीच नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करावा. खऱ्या रुग्णाला त्यात वैद्याची आस्थाच दिसेल. भामटा मात्र घाई करील, रागावेल किंवा बोलणेच टाळील. हीच त्या व्याधीची पूर्वरूपे होत.

रुग्णांनाही सावध करणे आपले कर्तव्य आहे. "आपले पार्सल आले आहे, पत्ता अपूर्ण आहे, या दुव्यावर दुरुस्त करा" असे टपाल खात्याच्या नावाने येणारे संदेश बनावट असतात. औषधाची वाट पाहणारा रुग्ण त्यांना लवकर बळी पडतो. पार्सल हातात पडल्याखेरीज ओटीपी सांगू नये आणि पत्त्याविषयी शंका असल्यास चिकित्सालयातच विचारावे, एवढी सूचना औषधाच्या पत्रिकेवर छापली तरी पुष्कळ साधेल. फसवणूक झालीच तर संकोच न करता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

चरकाचार्यांनी उपस्थात्याच्या अंगी दाक्ष्य आणि शौच हे गुण अपेक्षिले. आज रुग्णापर्यंत औषध नेणारा माणूस आपल्या ओळखीचा नाही आणि त्याची परीक्षा घेणे आपल्या हातीही नाही. तेव्हा त्याचे दाक्ष्य पत्ता लिहिताना आपणच दाखवावयाचे आणि त्याचे शौच परत आलेली बाटली बाजूला ठेवून आपणच पाळावयाचे. औषध रोग्याच्या हाती पडेपर्यंत वैद्याचे काम संपत नाही, याचे भान आमचे व्यवसायबंधू ठेवतील, असा आम्हाला विश्वास वाटतो.