विश्लेषण : स्क्रीनवरच्या नको त्या चौकटींसाठी कम्प्युटर फॉरमॅट कशाला?

‘तुमचा अँटिव्हायरस संपला’, ‘कम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’... घड्याळाच्या वर अशा चौकटी येऊ लागल्या की आटगावसारख्या गावात एकच उपाय सुचतो : सीपीयू उचलून शहापूरच्या दुकानात न्यायचा. तिथे फॉरमॅट होते. पैसे जातात, आणि जपून ठेवले नसतील तर मुलांचे दाखले नि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पीडीएफही जातात. बहुतेक वेळा याची गरजच नसते.

चौकटी येतात कुठून?

बहुधा व्हायरसमुळे नव्हे, परवानगीमुळे. फुकटात सामना दाखवणारी एखादी साइट ‘रोबो नसाल तर अलाऊ दाबा’ असे सांगते. बटण असते नोटिफिकेशनचे. ते दाबले की साइट बंद केल्यावरही ब्राउझर तिचे निरोप आणत राहतो. घरात याचे खापर मुलांवर फुटते, ते अन्यायाचे आहे. फसवणूक त्या सूचनेच्या शब्दांत आहे.

दोन दशकांपूर्वी विंडोजच्या ‘मेसेंजर सर्व्हिस’मधून अशाच जाहिराती घुसत. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती सोय मुळातच बंद ठेवली. ब्राउझर कंपन्यांनाही हे करता येईल. क्रोमने २०२० पासून ही विचारणा सौम्य करायला घेतली, पण सोय मुळात बंद ठेवलेली नाही.

उपाय काय?

क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नावे काढून टाकावीत. विचारणाच नको असेल तर तीही तिथेच बंद करता येते. अख्खी स्क्रीन अडवणारे पान आले तर ‘एस्केप’ दाबून धरावे, नाहीतर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’.

खरा धोका चौकटीतल्या फोन नंबरचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस कम्प्युटरचा ताबा देणारे ॲप टाकायला लावतो, मग बँकेचे खाते उघडायला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये ७६ ठिकाणी छापे घातले, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनच्या नावाने फसवणारी कॉल सेंटरही त्यात होती. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

परवानग्या काढूनही चौकटी येत असतील, तर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढून पाहावीत. तरीही नाही थांबल्या, तर दुकान आहेच. पण आधी दाखले पेनड्राइव्हवर घ्यावेत.