शिट्टी कुणाच्या तोंडात?

दोस्तहो, मैदानात आपल्याला घेतात. घ्यावंच लागतं. पळायला, उड्या मारायला, आपटून घ्यायला आपली हाडं मजबूत आहेत, हे त्यांनी कधीच कबूल केलंय. भांडण आहे ते मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं. कोण आत, कोण बाहेर, कुणी पळायचं, कुणी थांबायचं, हे जो ठरवतो त्याचं. तिथं आपला माणूस उभा राहिला की ह्यांच्या पोटात मुरडा उठतो.

गोदीत हेच बघतो. गोण्या आमच्या पाठीवर. कुठली गोणी कुठं रचायची हे सांगणारा मुकादम मात्र ठेकेदाराच्या गोतावळ्यातला. मॅट्रिक झालोय, थप्पीचा हिशेब त्याच्याआधी मला लागतो. मुकादमीचा विषय काढला तर म्हणतात, तू कवी माणूस, तू कविता कर.

म्हणून जॉन मॅक्लेंडनवर लिहितोय. अमेरिकेतला काळा माणूस, बास्केटबॉलचा कोच. तुम्ही म्हणाल, आपल्यात हा खेळ खेळतो कोण? खरंय. मी केनवडचा, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. आम्ही खेळलो ते कबड्डी, खोखो आणि रबरी चेंडूचं क्रिकेट. तो जाळीचा खेळ मीही कधी खेळलो नाही. पण खेळ जरा बाजूला ठेवा आणि माणूस बघा.

मॅक्लेंडन १९१५ साली कॅन्सस राज्यात जन्मला. १९३३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेला. ज्यानं १८९१ साली हा खेळ काढला, तो जेम्स नेस्मिथ तिथंच प्राध्यापक होता. म्हणजे खुद्द खेळाच्या बापाकडं हा शिकला. आणि खेळायला? विद्यापीठाच्या संघात काळ्यांना बंदी! खेळाचं शास्त्र शिक, पण चेंडूला हात लावू नको.

पुढचं ऐका. पदवीसाठी पोहणं आवश्यक होतं आणि तलाव गोऱ्यांचा. न पोहताच मार्क देतो म्हणाले. बाबा, तू फक्त पाण्यात उतरू नको! हा उतरला. तर ह्या सुशिक्षित लोकांनी अख्ख्या तलावाचं पाणी उपसून टाकलं. वाचताना अंगावर काटा आला. आमचा बाप महाडला पाण्याला शिवला २० मार्च १९२७ ला आणि भटाभिक्षुकांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून चवदार तळं शुद्ध करून घेतलं. तिकडं पाणी काढलं, इकडं पाण्यात शेण घातलं. गोऱ्यांना निदान शेण पवित्र आहे हे माहीत नव्हतं. मॅक्लेंडन गप्प बसला नाही, नेस्मिथ त्याच्या पाठीशी राहिला आणि शेवटी तो तलाव काळ्यांना खुला झाला. नेस्मिथ गोरा होता, पण माणूस होता. हेही लिहिलं पाहिजे.

पुढं हा डरहॅम गावी नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज इथं कोच झाला. त्या काळी बास्केटबॉल म्हणजे सावकाश चेंडू फिरवत बसायचं. ह्यानं पोरांना पळवायला शिकवलं. चेंडू हातात पडला की समोरचे सावरायच्या आत त्यांच्या जाळीखाली जायचं, चेंडू त्यांच्याकडं असला तर मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. आज जगभर हाच खेळ चालतो. त्यामागं डोकं आहे, हिशेब आहे. पण काळी पोरं पळाली की गोरे म्हणणार, ह्यांना उपजतच पळता येतं. आमच्या डोक्याचं काम हे लोक आमच्या पायांच्या नावावर जमा करतात. असली चोरी कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवायची?

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गाव चर्चमध्ये. ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकलच्या गोऱ्या पोरांचा संघ गाड्यांतून, आडवाटेनं, लपतछपत मॅक्लेंडनच्या कॉलेजात आला. जिमखान्याला आतून कडी. बघायला परवानगी नाही. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं कायद्यानं बंद होतं, कळलं असतं तर जमावानं जीव घेतला असता. काळ्यांनी ८८-४४ ने धुतलं. बरोब्बर दुप्पट! मग दोन्ही संघांनी आपसात पोरं वाटून घेतली आणि काळे-गोरे एका बाजूनं असे पुन्हा खेळले. बातमी कुठंच नाही. एका काळ्या पत्रकाराला कळलं होतं, त्यानं तोंड शिवून घेतलं. जगाला हे समजलं १९९६ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी. जिंकलो हे सांगायचीही चोरी.

नंतर टेनेसीच्या काळ्यांच्या कॉलेजला त्यानं १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली. समोर गोरे संघही होते. १९६१ साली क्लीव्हलँड पायपर्सवर तो व्यावसायिक लीगमधला मुख्य कोच झाला. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, बडं धेंड. खेळाडूंचे पगार रखडले. मॅक्लेंडन पोरांच्या बाजूनं उभा राहिला आणि १९६२ मध्ये राजीनामा फेकून चालता झाला. मुकादम असावा तर असा. १९६९ ला डेन्व्हरच्या व्यावसायिक संघानं बोलावलं आणि २८ सामन्यांत हाकललं. गोऱ्या कोचला हरायची मुभा असते, आपल्या माणसाला ती नसते.

दरम्यान १९६६ साली बिल रसेल बोस्टन सेल्टिक्सचा कोच झाला, एनबीएतला पहिला काळा कोच. हा ओकलंडमध्ये वाढलेला, आणि त्याच साली त्याच ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, जिचं नाव १९७२ ला मुंबईत आपण उचललं. पत्रकारांनी रसेलला पहिल्याच दिवशी विचारलं, गोऱ्या खेळाडूंशी पक्षपात तर नाही ना करणार? शंभर वर्षं गोऱ्या कोचला हा प्रश्न कुणी विचारला होता? रसेलनं १९६८ आणि ६९ ला अजिंक्यपद आणून पुढ्यात आपटलं.

आणि मॅक्लेंडनचं काय? १९७९ साली बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात त्याला घेतलं, पण 'योगदान देणारा' म्हणून. कोच म्हणून नाही! तो १९९९ ला मेला. कोच म्हणून घेतलं २०१६ ला. मढ्याच्या तोंडात शिट्टी दिली.

अमेरिकेतलं झालं म्हणून हात झटकू नका. पुण्यात पळवणकर बाळू हा चांभाराचा पोरगा इंग्रजांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदान राखायचा आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करायचा. साहेब त्याच्या चेंडूंवर फलंदाजी शिकले. म्हणजे कोच कोण होता? पण बॅट त्याच्या हातात कुणी दिली नाही. हिंदूंच्या संघात गेला तर चहा मातीच्या भांड्यात, तोही तंबूबाहेर. १९११ ला इंग्लंडात ११४ बळी घेऊन आला, तरी हिंदूंचं कप्तानपद नाहीच. १९२० ला त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम ह्याच भांडणात संघातून बाजूला झाले, आणि १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला. बाळू १९३७ ला काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. ते राजकारण मला मंजूर नाही. पण त्यामुळं मातीच्या भांड्यातल्या चहाचा हिशेब मिटत नाही.

केनवडला आमच्या वस्तीतली पोरं पहाटे साडेचारला सडकेनं पळतात. पोलीस भरती. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. त्यांच्यामागं सायकलवर एक जण असतो, मोबाइलवर वेळ लावून. दोनदा भरतीत हुकला, वय निघून गेलं. वहीत प्रत्येक पोराची रोजची वेळ लिहून ठेवतो. कुणी धापला, कुणाचा गुडघा दुखतो, कुणी उपाशी आलाय, सगळं त्यात. विचारलं, तू कोण ह्यांचा? म्हणाला, 'कोनी नाई गा, पोरायले पळवतो.' तालुक्याच्या गावी ह्याच कामाचे अकॅडमीवाले हजारो रुपये घेतात आणि सर म्हणवून घेतात.

खेळाडूंच्या जागांसाठी आपण ओरडतो. ओरडलंच पाहिजे. पण निवड समितीत कोण, कोच कोण, हे आपण विचारत नाही. पतियाळाला कोच घडवणारी सरकारी संस्था १९६१ पासून आहे. तिथं आपल्या वस्त्यांतून किती गेले, याची यादी आपल्या एकाही शाखेकडं नाही. येत्या बैठकीत मी ठराव टाकणार: प्रत्येक वस्तीनं वर्गणी काढून एकेका पोराला कोचगिरी शिकायला पाठवायचं आणि परत आल्यावर त्याला पगार द्यायचा. पहिलं नाव त्या सायकलवाल्याचं घालणार आहे. तो नाही म्हणेल. त्याची वही मी सोबत आणतो.