पंखावरून गेलेली हवा

विमान हवेत कसे तरते, या प्रश्नाचे जे उत्तर कित्येक पिढ्या बालांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांतून बिनतक्रार चालत आले आहे, ते असे की, पंखाची वरची बाजू बाकदार व खालची सपाट असल्याने वरच्या हवेला लांबचा पल्ला पडतो, खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठण्यासाठी ती वेगाने धावते, आणि त्या वेगामुळे वरचा दाब घटून पंख उचलला जातो. दाब घटतो हे खरे. परंतु मागच्या कडेशी एकाच वेळी भेटण्याचा जो करार हवेच्या माथी मारला आहे, त्यास निसर्गाच्या दप्तरी कोठेही दाखला नाही. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी पंखाभोवती धूर तुटक तुटक सोडून पाहिला, तेव्हा वरची हवा खालचीच्या कितीतरी आधी पुढे निघून गेलेली दिसली. कसरतीच्या विमानांचे पंख तर दोन्ही अंगांनी सारखेच बाकदार असतात, आणि ती उलटी होऊनही उडतात.

खरी हकीकत माझ्या मते अधिक सुंदर आहे. वाऱ्याला किंचित तिरपा धरलेला पंख समोरची हवा खाली वळवतो. वरून जाणारी हवादेखील बाकाला बिलगून खाली वळते, वळताना पृष्ठभागाजवळचा दाब उतरतो, आणि जितक्या जोराने हवा खाली लोटली जाते तितक्याच जोराने विमान वर तोलले जाते. न्यूटनचा नियम आणि बर्नूलीचे गणित या एकाच घटनेच्या दोन नोंदी होत. तिरपेपणा साधारण पंधरा अंशांपलीकडे गेला, की वरची हवा पंखाला सोडते व आधार ढासळतो. अवजड विमानाने अशी ढवळलेली हवा मागे भोवऱ्यांच्या रूपाने रेंगाळत राहते, म्हणून त्याच्या पाठोपाठ निघणाऱ्या लहान विमानाला दोन-तीन मिनिटे थांबवून ठेवण्याचा दंडक आहे.

कुट्टा यांनी १९०२ मध्ये व झुकोव्स्की यांनी १९०६ मध्ये या बलाचे गणित मांडले असताना, मुलांच्या हाती अजून ती जुनी दंतकथा द्यावी, हे मला अक्षम्य वाटते. पाठ्यपुस्तकांतून ती काढून टाकावी, आणि शिक्षकाने मुलांना नळापाशी न्यावे. चमचा दांड्याच्या टोकाशी चिमटीत सैल धरून त्याची फुगीर पाठ वाहत्या धारेला नुसती टेकवली, की धार पाठीला बिलगून चमच्याकडे वळते, आणि चमचा धारेकडे ओढला जातो. ती ओढ मुलाला आपल्या दोन बोटांत स्पष्ट जाणवते.