अनंत म्हणजे किती?

परवा आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी कृष्णविवराच्या पोटात काय असते ते एका दमात सांगून टाकले : ‘मध्यभागी एक बिंदू, आणि त्याची घनता अनंत!’ टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली माझी नात मात्र पुटपुटली, “आजोबा, अनंत म्हणजे किती?”

या पोरीसाठी मला भांडणे भाग आहे. अहो, हा ‘अनंत’ कुणी मोजलेला नाही! आइन्स्टाइनच्या समीकरणांनी जेथे हात टेकले, तेथली ती खूण आहे. रॉजर पेनरोझ यांनी १९६५ साली सिद्ध केले, की तारा कितीही वेडावाकडा कोसळला, तरी एका मर्यादेपलीकडे आतली वाट कोठेतरी तुटतेच. (त्यांच्या सिद्धतेला आधार होता कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींच्या १९५५ च्या समीकरणाचा, हे व्याख्यानात कुणी सांगेल तर शपथ!) वाट तुटते, एवढेच त्यांनी सिद्ध केले. तेथे काय आहे, हे नाही.

बरे, ‘मध्यभागी’ तरी खरे? तेही नाही. न फिरणाऱ्या विवराचे क्षितिज एकदा ओलांडले, की तो बिंदू समोरच्या जागी नसतो, पुढच्या काळात असतो. सोमवारी बसलेल्या माणसाला मंगळवार चुकवता येईल काय? आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले विवर सूर्याच्या सुमारे ४० लाखपट वजनाचे. ते फिरत नाही असे धरले, तर तेथला हा मंगळवार फार तर मिनिटभरावर!

त्या मिनिटाच्या अगदी शेवटी पुंजवाद आणि गुरुत्वाकर्षण यांची सोयरीक जुळवावी लागते, आणि ती अजून जुळलेली नाही. शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ साली त्यासाठी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या रूपात मांडली. त्यांनी २०१८ मध्ये दोघा सहकाऱ्यांसह केलेल्या गणितात तो अनंत उरतच नाही : अवकाशाची वक्रता एका हद्दीपर्यंत चढते, मग उतरते, आणि वाट पलीकडे चालू राहते. हे खरेच असे मी म्हणत नाही. प्रयोगाची साक्ष अद्याप कोणत्याच पक्षाकडे नाही. पण चालू असलेला खटला निकालात निघाला, असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

पुढल्या वर्षी प्रश्नांसाठी निदान अर्धा तास राखावा, असे मी चिटणीसांना लिहिले आहे. नातीने त्या पत्राखाली आपलीही सही ठोकली.